संथ शर्यत कोणाच्या सोयीची?

लांब पल्ल्याच्या ट्रॅक शर्यतीत दोन वेगळ्या कसोट्या असतात. एक घड्याळाशी, दुसरी शेजारी धावणाऱ्याशी. ऑलिंपिक किंवा जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पदक फक्त दुसऱ्या कसोटीवर मिळते. विजेत्याने किती वेळ घेतला यावरून सुवर्णपदकाची किंमत कमी-जास्त होत नाही. त्यामुळे जगातले सर्वांत वेगवान धावपटू एकत्र आले, तरी त्यांची शर्यत वेगवान होईलच असे नाही. अनेकदा उलटेच घडते.

सप्टेंबर 2025 मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत पुरुषांची 10,000 मीटर शर्यत फ्रान्सच्या जिमी ग्रेसिएने 28 मिनिटे 55.77 सेकंदांत जिंकली. इथियोपियाचा योमिफ केजेल्चा त्याच्या 0.06 सेकंद मागे होता आणि स्वीडनचा आंद्रेआस अल्मग्रेन 0.25 सेकंद. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाच्या व्लादिमीर कुट्झने हेच अंतर 28 मिनिटे 45.6 सेकंदांत कापले होते. केजेल्चाने तर 2024 मध्ये व्हॅलेन्सियात 57 मिनिटे 30 सेकंदांत अर्धमॅरेथॉन धावून तेव्हाचा विश्वविक्रम केला होता. त्या धावेचा वेग दर 10 किलोमीटरला सुमारे 27 मिनिटे 15 सेकंद इतका पडतो. म्हणजे दुपटीहून लांब अंतर जो त्या वेगाने धावू शकतो, तोच टोकियोत दीड मिनिटाहून अधिक सावकाश धावला आणि तरीही हरला. टोकियोची उष्ण, दमट हवा हे त्याचे एक कारण होते. पण कमी-अधिक अशाच शर्यती थंड हवेतही होतात, म्हणून मूळ कारण दुसरीकडे शोधावे लागते.

ते कारण पुढे धावण्याच्या खर्चात आहे. 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेत शरीरशास्त्रज्ञ म्हणून गेलेले ग्रिफिथ प्यू यांनी 1971 मध्ये हवेच्या विरोधावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मध्यम पल्ल्याच्या वेगाने धावताना एकूण ऊर्जेपैकी सुमारे साडेसात टक्के ऊर्जा हवा कापण्यात जाते आणि दुसऱ्याच्या एक मीटर मागे धावले की ऑक्सिजनची गरज साडेसहा टक्क्यांनी घटते, असे त्यांना आढळले. पुढे असलेला धावपटू हा खर्च स्वतः सोसतो, त्याचा फायदा मात्र मागच्या सगळ्यांना फुकट मिळतो. वेग किती ठेवायचा याचा विचारही त्यालाच करावा लागतो. मागच्याने फक्त समोरच्या पाठीवर नजर ठेवायची असते.

एकदिवसीय स्पर्धांत हा खर्च आयोजक उचलतात. तिथे मानधन घेऊन धावणारे पेसमेकर असतात आणि अलीकडे ट्रॅकच्या कडेला ठरलेल्या वेगाने सरकणारे दिवेही असतात. युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेईचे 2020 मधले दोन्ही विश्वविक्रम, मोनॅकोतले 5,000 मीटरचे 12 मिनिटे 35.36 सेकंद आणि व्हॅलेन्सियातले 10,000 मीटरचे 26 मिनिटे 11 सेकंद, अशाच व्यवस्थेत झाले. अजिंक्यपदाच्या शर्यतीत आयोजकांनी दिलेला पेसमेकर नसतो. तिथे प्रत्येक जण पदकासाठी आलेला असतो. वेग वाढवणे सर्वांच्या हाती असते, पण ते ज्याच्या त्याच्या हिताचे नसते. प्रत्येकाने आपापल्या परीने शहाणपणाचा निर्णय घेतला की सगळे मिळून संथ धावू लागतात. ही संथ गती कोणी ठरवलेली नसते. पुढाकार नाकारण्याच्या अनेक निर्णयांची ती बेरीज असते.

संथ शर्यतीत घोळका सुटत नाही आणि मग जागेला महत्त्व येते. ट्रॅकच्या एका लेनची रुंदी 1.22 मीटर असते. पूर्ण फेरी दुसऱ्या लेनमधून धावणाऱ्याला सुमारे 7.7 मीटर जास्त अंतर पडते आणि एका वळणावर सुमारे 3.8 मीटर. शेवटच्या फेरीच्या वेगात एका वळणाचे हे जादा अंतर म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 5,000 मीटरच्या पहिल्या दोघांतले अंतर 0.32 सेकंद होते, यावरून एका वळणाचे मोल कळते. आतल्या कडेने धावणाऱ्याचे अंतर वाचते, पण पुढे आणि बाजूला माणसे असली की त्याची कोंडी होते आणि ऐन वेळी त्याला बाहेर पडता येत नाही. बाहेरून धावणाऱ्याला वाट मोकळी असते, मात्र तिची किंमत मीटरमध्ये मोजावी लागते. म्हणून अनुभवी धावपटू सुरुवातीला मागे राहून शेवटच्या दोन फेऱ्यांत पुढची जागा पकडतात. एकदा ती मिळाली की मागून येणाऱ्याला वळणावर बाहेरूनच जावे लागते.

ब्रिटनच्या मो फराहने हे तंत्र इतके घोटले होते की सलग दोन ऑलिंपिकमध्ये त्याने 5,000 आणि 10,000 मीटर अशी दोन्ही सुवर्णे जिंकली. लंडनमध्ये त्याने 5,000 मीटर 13 मिनिटे 41.66 सेकंदांत पूर्ण केले. आधीच्या साडेअकरा फेऱ्यांची सरासरी 67 सेकंदांच्या आसपास होती आणि शेवटची फेरी सुमारे 53 सेकंदांची. कुट्झची 1956 ची 13 मिनिटे 39.6 सेकंदांची वेळ याहून सरस होती. पण शेवटच्या फेरीत त्या दिवशी फराहसमोर कोणीही टिकले नाही.

अशी फेरी शक्य होते ती आधीच्या संथपणामुळे. वेग मर्यादेत असला तर स्नायूंना पुरेसा ऑक्सिजन मिळत राहतो आणि ऑक्सिजनशिवाय ऊर्जा देणारा साठा जवळजवळ शाबूत राहतो. तो शेवटच्या मिनिटात एकदम खर्चता येतो. त्या मिनिटात मग सहनशक्तीपेक्षा मूळ वेग निर्णायक ठरतो आणि 5,000 मीटरची शर्यत व्यवहारात 1,500 मीटरवाल्यांची होते. फराहने 2013 मध्ये मोनॅकोत 1,500 मीटर 3 मिनिटे 28.81 सेकंदांत धावून आपला मूळ वेग दाखवला होता. अमेरिकेचा बर्नार्ड लगाट मुळात 1,500 मीटरचाच धावपटू. 2007 च्या ओसाका जागतिक स्पर्धेत 5,000 मीटरचा शेवट 13 मिनिटे 45.87 सेकंदांवर आला आणि लगाटने केनियाच्या एलिउड किपचोगेला 0.13 सेकंदाने हरवले. पुढच्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये इथियोपियाच्या केनेनिसा बेकेलेने शर्यत मुद्दाम वेगवान केली, 12 मिनिटे 57.82 सेकंदांचा ऑलिंपिक विक्रम नोंदवला आणि किपचोगेला जवळजवळ पाच सेकंदांनी मागे टाकले. लगाट त्या शर्यतीत नववा आला. एका वर्षात लगाटची गुणवत्ता बदलली नव्हती, असे धरले तरी निकालाचा बराचसा उलगडा होतो. शर्यतीने विचारलेला प्रश्न बदलला होता.

संथ शर्यत ही तटस्थ स्थिती नसते, हे यातून दिसते. ती शेवटी वेगवान असणाऱ्यांच्या बाजूने झुकलेली असते. ज्याच्याकडे अखेरची मुसंडी नाही त्याने संथ वेग मान्य करणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याला सोयीची कसोटी मान्य करणे. म्हणून वेग फोडण्याची गरज त्यालाच असते. संथ वेग फोडण्याचे तीन मुख्य मार्ग इतिहासात दिसतात.

पहिला मार्ग वेगात वारंवार झटके देण्याचा. 1956 च्या जूनमध्ये बर्गेन येथे ब्रिटनच्या गॉर्डन पिरीने 5,000 मीटरमध्ये कुट्झला विश्वविक्रमासह हरवले होते. शेवटपर्यंत सोबत राहिल्यास पिरी भारी पडतो, हे कुट्झला कळले. मेलबर्नच्या 10,000 मीटरमध्ये त्याने मध्येच भरधाव सुटायचे, मग वेग उतरवायचा, पुन्हा सुटायचे, असा क्रम लावला. पिरी बराच काळ चिकटून राहिला, पण अखेर मोडला आणि आठवा आला. अशा धावण्यात मागच्याचा आडोशाचा फायदा पुसला जातो, कारण प्रत्येक झटक्याला त्याला उत्तर द्यावे लागते आणि पुढचा झटका केव्हा येणार हे फक्त पुढच्याला ठाऊक असते.

दुसरा मार्ग दुरून सुरू केलेल्या चढत्या वेगाचा. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये न्यूझीलंडचा मरे हॅलबर्ग 5,000 मीटरच्या शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या असताना एकटाच निसटला आणि टिकून जिंकला. 1972 मध्ये म्युनिकला अमेरिकेच्या 21 वर्षांच्या स्टीव्ह प्रीफाँटेनने शेवटच्या चार फेऱ्यांत वेग चढवत नेला. ती शर्यत फिनलंडच्या लासे व्हिरेनने जिंकली आणि प्रीफाँटेन अगदी शेवटी चौथ्या क्रमांकावर घसरला. मागे राहून तिसऱ्या क्रमांकासाठी धावला असता तर त्याला पदक मिळाले असते, असे म्हणता येते. तसे धावून सुवर्ण मिळण्याची शक्यता मात्र त्याच्यासाठी फारशी नव्हती. 2009 मध्ये बर्लिनला एरिट्रियाच्या झेरसेनाय तादेसेने 10,000 मीटरमध्ये असाच पुढाकार घेतला. बेकेले सोडून बाकी सगळे गळाले आणि बेकेले अखेरीस त्याच्या पुढे गेला. तादेसेच्या वाट्याला रौप्य आले. पुढाकाराचे फळ चौथा क्रमांकही असू शकतो आणि रौप्यही, हे ठरवून निघावे लागते.

तिसरा मार्ग संघाचा. एका देशाच्या धावपटूंनी आळीपाळीने पुढे जायचे, म्हणजे खर्च वाटला जातो. पण विश्वविजेता किंवा विशेष पात्रतेचे अपवाद वगळता एका देशाला तीनच जागा असतात. त्यातली एक खर्ची घालणे सोपे नसते आणि उपयोग होईलच याची हमी नसते. टोकियो ऑलिंपिकच्या 10,000 मीटरमध्ये युगांडाचा स्टीफन किसा लवकर दूर निघून गेला. घोळक्याने त्याचा पाठलागच केला नाही. किसाला शर्यत सोडावी लागली आणि सुवर्ण इथियोपियाच्या सेलेमन बारेगाने जिंकले. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इथियोपियाच्या तिघांनी मिळून वेग इतका राखला की 26 मिनिटे 43.14 सेकंदांचा ऑलिंपिक विक्रम झाला. तो विक्रम आणि सुवर्ण मात्र त्यांच्या मागे राहिलेल्या चेप्टेगेईच्या नावावर गेले. इथियोपियाला बेरिहू अरेगावीचे रौप्य मिळाले.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हा हिशेब अविनाश साबळेच्या धावांतून चांगला ओळखीचा आहे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या या धावपटूने जून 2022 मध्ये रबातला 3,000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटे 12.48 सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला. पुढच्याच महिन्यात यूजीनच्या जागतिक स्पर्धेतली अंतिम शर्यत मोरोक्कोच्या सूफियान एल बक्कालीने 8 मिनिटे 25.13 सेकंदांत जिंकली. म्हणजे विजेत्याची वेळही साबळेच्या विक्रमापेक्षा जवळजवळ तेरा सेकंदांनी मागे होती. साबळे 8 मिनिटे 31.75 सेकंदांत अकरावा आला. ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेग चढा राहिला. साबळेने 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्य मिळवले आणि केनियाच्या अब्राहम किबिवोटच्या मागे तो फक्त 0.05 सेकंद राहिला. 1994 नंतर या शर्यतीत केनियाबाहेरच्या धावपटूला मिळालेले ते पहिले राष्ट्रकुल पदक होते. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुरुवातीपासून पुढे राहून 8 मिनिटे 19.50 सेकंदांत सुवर्ण जिंकले. या तिन्ही स्पर्धांचे निकाल एकाच क्षमतेच्या आसपासचे आहेत. फरक पडला तो शर्यतीच्या प्रकारामुळे आणि समोर कोण होते यामुळे.

संथ शर्यतींविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की प्रेक्षकांना जगातल्या सर्वोत्तम धावपटूंची खरी क्षमता दिसत नाही, म्हणून अजिंक्यपदातही पेसमेकर द्यावेत. पण वेगाचा खर्च कोणी उचलायचा, हाच तर या शर्यतीचा गाभा आहे. तो प्रश्न आयोजकांनी सोडवून दिला, तर कुट्झचे झटके आणि हॅलबर्गची धाव यांना कारणच उरत नाही. वेगासाठी वर्षभर इतर स्पर्धा असतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शेवटच्या फेरीतल्या वेगावर लांब पल्ल्याचे अजिंक्यपद ठरावे, हे न्याय्य आहे का? याचे उत्तर असे की तो निकष नियमांनी लादलेला नाही. आधीच्या सगळ्या फेऱ्यांत तो बदलण्याची मुभा प्रत्येकाला होती. शिवाय वेगवान शर्यतीतही मुसंडी निरुपयोगी होत नाही. 2017 मध्ये लंडनला प्रतिस्पर्ध्यांनी फराहला मोडण्यासाठी 10,000 मीटर 27 मिनिटांच्या आत नेले. तरी तो 26 मिनिटे 49.51 सेकंदांत जिंकला. सहनशक्ती नसलेला कोणी केवळ शेवटच्या फेरीच्या जोरावर अशा शर्यतीत शिल्लकच राहत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कने 1960 च्या दशकात विविध अंतरांचे 17 विश्वविक्रम केले, पण ऑलिंपिकमध्ये त्याला एकच कांस्य मिळाले. फराहच्या नावावर 5,000 किंवा 10,000 मीटरचा विश्वविक्रम कधीच नव्हता. यातला कोण थोर, हा वाद मिटणारा नाही, कारण दोघांनी वेगवेगळ्या कसोट्या पार केल्या. विश्वविक्रम सांगतो की अनुकूल परिस्थितीत माणूस किती वेगाने धावू शकतो. अजिंक्यपद सांगते की प्रतिस्पर्ध्यांच्या साऱ्या हालचालींना उत्तर देत त्या दिवशी कोण पुढे राहिला. म्हणून संथ शर्यतीचा निकाल वाचताना विजेत्याची वेळ पाहून नाक मुरडण्यापेक्षा, ती गती कोणाच्या फायद्याची होती आणि तिच्यात ज्यांचे नुकसान होणार होते त्यांनी ती कितव्या फेरीपर्यंत चालू दिली, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.