लोणारचा गाळ आणि पारावरचा आकडा

ऊन तापलं की आमच्या धनज गावच्या पारावर कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘लोणारच्या तळ्याच्या गाळातच निघालंय, चार हजार वर्षांपूर्वीही असंच तापत होतं.’’ ऐकून जीव तुटतो, कारण लोणारचा गाळ असं बोललेलाच नाही. तळ्यातून काढलेल्या सुमारे दहा मीटर गाळात गेलुसाइटचे स्फटिक दोनच काळांत सापडले: साधारण ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वी. तळं आटत जाऊन पाणी खारट झालं, तेव्हा ते धरले. ही अवर्षणाची नोंद आहे, तापमानाची नव्हे.

गाळातून तापमान वाचता येतं हे खरंच. युरींनी १९४७ मध्ये त्याचा पाया घातला: पाणी गार तसा शंखात जड ऑक्सिजन जास्त. एमिलियानींनी १९५५ मध्ये समुद्रतळातल्या इवल्या शंखांच्या ऑक्सिजनवरून हिमयुगातल्या समुद्राचं तापमान मांडलं. इथवर वाद नाही. गैरसमज पुढच्या पायरीवर आहे.

१९६७ मध्ये निकोलस शॅकल्टन यांनी वरच्या पाण्यात तरंगणाऱ्या जीवांच्या शंखांशेजारी तळाशी राहणाऱ्यांचे शंख ठेवले. तळाचं पाणी आधीच गोठायच्या बेतात, ते आणखी किती गार होणार? तरी हिमयुगातली जड ऑक्सिजनची वाढ दोन्हींत जवळपास सारखीच. म्हणजे कारण मुख्यतः थंडी नव्हतं. वाफेबरोबर हलका ऑक्सिजन जास्त उडतो, बर्फ होऊन जमिनीवर अडकून राहतो आणि मागे समुद्र जड होतो. शंखांनी बर्फाचा हिशेब ठेवला होता. ‘तापमापी खोटी ठरली’ असं याचं वाचन होतं, ते मला साफ चुकीचं वाटतं. त्या दिवसापासून ‘किती अंश?’ याच्या आधी ‘हा आकडा आणखी कशाने हलतो?’ हे विचारणं भाग पडलं. माझ्या मते या शास्त्राची खरी कमाई तीच.

मग बर्फाशी देणंघेणं नसलेला साक्षीदार हवा होता. जवसाचं तेल हिवाळ्यातही वाहतं आणि तूप थिजतं, यात दुहेरी बंधांचा मोठा वाटा आहे. काही सागरी शैवालांच्या अल्केनोन रेणूंतही पाणी गार तसे हे बंध जास्त. ब्रासेल आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये गाळातल्या याच बंधांवरून समुद्राचं जुनं तापमान वाचता येतं हे दाखवलं.

लोणारच्या गाळातलेही रेणू तपासले गेले आहेत. पानांवरच्या मेणातला हायड्रोजन तिथे वाचला तो पावसासाठी. जमिनीवरच्या तापमानासाठी मातीतल्या जिवाणूंच्या आवरणातली स्निग्ध द्रव्यं २००७ पासून वापरात आहेत, पण ती उष्णतेसोबत सामूनेही बदलतात. मातीपरीक्षणाच्या कागदावर आपण पाहतो तोच सामू. लोणारच्या पाण्याचा दहाच्या आसपास. म्हणून पारावर कुणी अंशांत बोललं की मी विचारतो: कोणत्या रेणूवरून, आणि तेव्हा पाण्याचा सामू किती होता?