दोर कोणी सोडला?

‘रोमँटिक’ म्हटले की आपल्याला गुलाब, मेणबत्तीच्या उजेडातले जेवण आणि पावसातली गाणी आठवतात. युरोपात ज्या चळवळीने हा शब्द मोठा केला, तिचे एक थोर चित्र मात्र प्रेतांनी भरलेले आहे.

जुलै १८१६. सेनेगलला निघालेली ‘मेदूझ’ ही फ्रेंच युद्धनौका आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ वाळूत रुतली. कप्तान वीसेक वर्षे समुद्रापासून दूर राहिलेला. राजनिष्ठा हीच त्याची मोठी पात्रता. होड्या अपुऱ्या होत्या, म्हणून सुमारे १५० माणसांना फळ्या बांधून केलेल्या तराफ्यावर चढवले. होड्यांनी तो ओढत न्यायचा, असे ठरले होते. पण दोर सोडून दिले गेले. १३ दिवसांनी तराफा सापडला, तेव्हा त्यावर १५ जण जिवंत होते.

फ्रान्समध्ये हळहळणारे पुष्कळ होते. थिओडोर जेरिको हा पंचविशीतला चित्रकार हळहळून थांबला नाही. वाचलेल्यांपैकी शल्यवैद्य साविन्यी आणि अभियंता कोरेआर यांना तो भेटला. जहाजाच्या सुताराकडून त्याने तराफ्याची प्रतिकृती करवून घेतली. रुग्णालयात जाऊन मरणाऱ्यांचे चेहरे रेखाटले, शवागारातले तुटलेले अवयव अभ्यासले. १८१९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात सुमारे ५ मीटर उंच आणि ७ मीटर रुंद असे ते चित्र लागले. त्यात ना राजा आहे, ना सेनापती. सगळ्यांच्या वर, दूरच्या जहाजाला कापड हलवून दाखवतो आहे तो एक कृष्णवर्णीय माणूस. फ्रेंचांचा गुलामांचा व्यापार कागदोपत्री बंद होऊनही चालू होता, त्या काळातली ही गोष्ट!

भावनेने माणूस वाहवत जातो, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. त्याच चळवळीतले कितीतरी जण स्वतःच्याच दुःखात रमले. पण जेरिकोची भावना चौकशीला निघाली, कष्टाला भिडली. हळहळ आणि करुणा यांत फरक आहे तो एवढाच. हळहळ डोळे पुसते आणि घरी जाते; करुणा पत्ता शोधत दारापर्यंत पोचते.

इंग्रजी रोमँटिक काव्यावर पोसलेल्या आपल्या केशवसुतांनी अंत्यजाच्या मुलाचा प्रश्न कवितेत आणला, तो याच करुणेपोटी. आपण मात्र त्या वारशातले चांदणे तेवढे उचलले आणि प्रश्न मागे ठेवला. गटारात गुदमरून मेलेल्या सफाई कामगाराची बातमी आपण वाचतो, ‘वाईट झाले’ म्हणतो, पान उलटतो. त्याला साधनांशिवाय खाली कोणी उतरवले, हे विचारत नाही.

वाचकहो, मन हेलावते याचा अभिमान धरू नका. ते कोणाचेही हेलावते. पुढच्या वेळी ते हेलावले, की दोर कोणाच्या हातात होता ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.