त्यालाच विचारा



पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी मी घरोघरी जातो. एका घरी एक तरुण आहे. मोटारसायकलवरून पडून त्याच्या मेंदूला जबर मार बसला. जीव वाचला, पण बोलताना तो अडखळतो, सकाळचे दुपारी आठवत नाही, लहानसहान कारणावरून राग येतो. कित्येक महिने मी त्याच्या शेजारी बसून त्याच्या आईलाच विचारत असे, “आता कसा आहे तो?” एके दिवशी त्याने माझा हात धरला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाला, “फादर, मला विचारा ना.” मी ओशाळलो.

वैद्यकशास्त्रालाही हे उशिराच उमगले. 1974 साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील डॉक्टरांनी रुग्णाची शुद्ध मोजण्याची पद्धत तयार केली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांवरून 3 ते 15 गुण दिले जातात. 1975 मध्ये रुग्ण कितपत सावरला हे सांगणारी पाच पायऱ्यांची मोजपट्टी आली. दोन्ही आजही उपयोगी आहेत. परंतु त्या बाहेरून पाहणाऱ्याच्या मोजपट्ट्या आहेत. कागदावर ‘बरा’ ठरलेला माणूस मित्र दुरावल्यामुळे आतून खचलेला असू शकतो, आणि चाकांच्या खुर्चीत बसलेला समाधानीही असू शकतो. म्हणून 2010 साली ‘क्वालिब्री’ नावाची 37 प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. विचारशक्ती, स्वतःविषयीची भावना, रोजचे स्वावलंबन, नातीगोती, मनःस्थिती आणि शारीरिक त्रास यांविषयी तीत विचारले जाते. तू कितपत समाधानी आहेस, तुला कशाचा किती त्रास होतो, असे रुग्णालाच विचारले जाते.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील आंधळा बार्तिमय आठवा (मार्क 10:46-52). तो ओरडू लागला तेव्हा लोकांनी त्याला गप्प बसायला सांगितले. येशू मात्र थांबला, त्याला बोलावून घेतले आणि आपण त्याच्यासाठी काय करावे, हे त्यालाच विचारले. त्याला दिसत नाही, हे काय प्रभूला ठाऊक नव्हते? तरीही प्रभूने विचारले. दृष्टी मिळण्याआधी बार्तिमयला मान मिळाला.

मग ज्याला उत्तरच देता येत नाही त्याचे काय? तिथे सगळ्या मोजपट्ट्या अपुऱ्या पडतात. 20 मार्च 2004 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगितले की, दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत असलेला रुग्णही माणूसच असतो आणि त्याची प्रतिष्ठा तसूभरही कमी होत नाही. तेव्हा ते स्वतःही आजाराने थकलेले होते. जीवनाचा दर्जा खालावू शकतो. माणसाचे मोल खालावत नाही, कारण ते देवाने ठरवले आहे.

आपल्या धर्मग्रामात अशी घरे आहेत. या आठवड्यात त्यांपैकी एका घरी जा. रुग्णाचे नाव घेऊन त्याच्याशीच बोला. उत्तराला वेळ लागला तर थांबा. त्याचे वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. त्याची आई किंवा पत्नी कित्येक रविवार मिस्साला आली नसेल, तर तासभर त्याच्याजवळ बसा आणि तिला येऊ द्या.

हे प्रभू येशू, बार्तिमयच्या हाकेसरशी तू थांबलास. आम्हांलाही थांबायला आणि ऐकायला शिकव. आमेन.