आधी थोडा, पण लगेच

मानवत तालुक्यातल्या आमच्या घरी आजी रात्री दोन-तीनदा उठते. तिला काचबिंदू आहे. बटण दाबलं की एलईडीचा पांढरा उजेड एकदम अंगावर येतो आणि ती डोळ्यांवर हात धरून उभी राहते. मागच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा हे पाहिलं आणि ठरवलं, की हा दिवा हळूहळू लागला पाहिजे आणि हळूहळू विझला पाहिजे. इंजिनिअर नातवाला घरात करण्यासारखं एक काम मिळालं.

जुन्या पिवळ्या बल्बला हे शिकवावं लागत नव्हतं. त्याची तार तापायला आणि निवायला क्षणभर घ्यायची. शेतात मोटारी सुरू होऊन व्होल्टेज पडलं की तो लालसर व्हायचा आणि लाईटचं काही खरं नाही हे घराला कळायचं. एलईडी तसा रेंगाळत नाही. शिवाय बऱ्याच एलईडी बल्बमधला ड्रायव्हर व्होल्टेज खाली-वर झालं तरी करंट सारखा ठेवायला बघतो. म्हणून असा साधा बल्ब रेग्युलेटरवर लावला तर नीट मंद न होता फडफडतो. मी बारा व्होल्टची एलईडी पट्टी, एक मॉस्फेट आणि एक ईएसपी३२ आणला आणि कोड लिहायला बसलो.

या पद्धतीत दिवा कधीच 'अर्धा' लागत नाही. सेकंदाला हजार वेळा तो पूर्ण लागतो आणि पूर्ण विझतो. लागलेला वेळ वाढवत नेला की आपल्याला उजेड वाढल्यासारखा वाटतो. पण डोळ्याचा हिशोबही सरळ नाही. ० ते २५५ या पायऱ्या सारख्या वेगाने चढलो तर सुरुवातीलाच खोली उजळल्यासारखी वाटते आणि पुढचा फरक जाणवत नाही. एकावरून दोनवर जाणं म्हणजे दुप्पट होणं. दोनशेवरून दोनशे एकवर जाणं म्हणजे जवळजवळ काहीच नाही. गुस्टाव फेक्नरने १८६० मध्ये हेच सूत्रात मांडलं होतं. म्हणून मी सुरुवात अगदी संथ ठेवली. चार सेकंदांत दिवा इतका देखणा उजळला, की मी व्हिडिओ काढून मित्रांना पाठवला.

तिसऱ्या दिवशी आजी म्हणाली, "हे काढून टाक बाबा."

"का?"

"बटन दाबलं तरी लाईट येईना, म्हणून मी परत दाबायलेय. की पुन्हा बंद. पायाशी इंचू हाय का दोरी हाय, हे मला तवाच कळाया पायजे. तुझा दिवा उजाडंस्तोवर मी कुठं उभी राहू?"

तिचं बरोबर होतं. माझ्या देखण्या उजेडाचा पहिला सेकंद जवळजवळ अंधारच होता. मी तो खाटेवर पडून पाहत होतो, ती अनवाणी उभी होती.

मी कोड बदलला. बटण दाबताच थोडासा उजेड, पण लगेच. मग तो सावकाश वाढेल. विझताना मात्र पूर्ण तीस सेकंद, म्हणजे तिला खाटेपर्यंत परत जाता येईल. दहा मिनिटांचं काम. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण दुसरी एक रात्र आठवत राहिली.

दोन वर्षांपूर्वी मी पुण्यात असताना रात्री आठला घरून फोन आला. "आजोबांना जरा बरं नाही, निघून ये." ट्रॅव्हल्समध्ये बसलो. नगर सोडल्यावर कळलं, ॲडमिट केलंय. माजलगावच्या पुढे कळलं, सिरियस आहेत. पाथरीला कळलं, डॉक्टरांनी हात टेकले. घराच्या वळणावर ओट्यावर माणसं खाली मान घालून बसलेली दिसली. आजोबा आदल्या दिवशी संध्याकाळी सहालाच गेले होते.

असं करणारं आमचंच एक घर नाही. तुमच्याकडेही असा फोन आला असेल, किंवा तुम्ही केला असेल. त्यामागे माया असते. प्रवासात एकटा असताना पोराने कोसळू नये, एवढंच त्यांना हवं होतं. पण ती अख्खी रात्र मी संभाजीनगरच्या दवाखान्यात बेड मिळतो का, हे विचारत मित्रांना मेसेज करत होतो. जे माणूस उरलंच नव्हतं त्याला वाचवत होतो. मला त्या रात्री फक्त रडायचं होतं, हे मला सकाळी कळलं.

कांटने १७९७ मध्ये लिहिलं, की मित्राच्या जिवावर उठलेल्या मारेकऱ्यालाही खोटं सांगू नये. मला इतकं कडक होता येत नाही. वाईट बातमी एकदम तोंडावर मारणं म्हणजे रात्री दोनला डोळ्यांत पांढरा उजेड मारणं. पण 'हळूहळू सांगणं' या एकाच नावाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी करतो. मंद उजेडात खोली अंधुक दिसते, पण खोली तीच असते. 'ॲडमिट केलंय' हे अंधुक सत्य नव्हतं, ते वेगळ्याच खोलीचं चित्र होतं. "आजोबा गेले रे. बाकी तू आल्यावर बोलू. शेजारी कुणी आहे का?" एवढंही मंदच झालं असतं. पण मला माझे पाय कुठे आहेत ते दिसलं असतं.

आणि विझताना वेळ द्यायचा, हे आपल्याकडे आधीपासून आहेच. आजोबांना जिथे ठेवलं होतं तिथे दहा दिवस दिवा होता. ओट्यावरची माणसंही एका दिवसात उठली नाहीत. रोज थोडी कमी होत गेली.

हे सगळं मला आत्ता लिहावंसं वाटलं, कारण गेल्या महिन्यात आजीला परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. काचबिंदूत गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखायचं असतं. घरात ठरलं, की तिला एवढ्यात सांगायचं नाही, 'औषधाने फरक पडेल' म्हणायचं. मी परतीच्या गाडीत गप्प होतो.

रात्री ती खाटेवर बसली होती. मी म्हणालो, "आजी, डाव्या डोळ्याला आता दिसणार नाही." पुढचं काहीच बोललो नाही.

ती बराच वेळ पदराच्या काठाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मला ठावं होतं रे. तुम्हीच बोलनात. उजव्याचं काय म्हणले?"

मग उजव्याचं मी सावकाश सांगितलं. रोज रात्री थेंब, चुकवायचे नाहीत, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. ती एकेक गोष्ट पुन्हा विचारत होती. बोलणं संपल्यावर तिने स्वतःच बटण दाबलं, आणि दिवा विझेपर्यंतच्या तीस सेकंदांत पांघरूण ओढून घेतलं.