उसना करंट

बॅटरी उतरली की माणसाला शेजारधर्म आठवतो. आमच्या आळीतले एक गुरुजी एरवी माझी गाडी रस्ता अडवते म्हणून कुरकुरणारे. पण गेल्या हिवाळ्यात सकाळी पावणेसातला लाल-काळ्या वायरी घेऊन ते आमच्या फाटकाशी उभे राहू लागले. एक दिवस, दोन दिवस, सलग पाच दिवस! उपकाराला मर्यादा असावी काय, हा प्रश्न मोठमोठ्या तत्त्वज्ञांना आरामखुर्चीत पडत असेल. मला तो तोंडात ब्रश असताना पडला.

उपकाराची रीत तशी सोपी. लाल वायर उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी वायर आधी चांगलीच्या मायनसला, आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगीशी त्याचे पटत नाही. चावी फिरवली, इंजिन घुरघुरले, गुरुजी "बराय" म्हणाले, की उपकाराचे खाते बंद.

पण आम्ही पडलो कॉमर्सचे! घेणाऱ्याच्या शिलकीत काय पडले, हे पाहिल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही. पडले जवळजवळ शून्य. गाडी सुरू होणे आणि बॅटरी भरणे ही दोन निराळी खाती आहेत. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या किंचित वर दाखवते. गाडी सुरू असताना तोच मीटर पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान गेला पाहिजे. गेला, तर अल्टरनेटर नीट कमावतो आहे. मग बॅटरी म्हातारी झाली असेल, नाही तर कुठेतरी गळती. बारावरच रेंगाळला, तर घरातला कमावताच बसलेला! पट्टा ढिला, तार सुटलेली, किंवा अल्टरनेटरच गेलेला.

आमच्या डोणगावातला बॅटरीवाला एवढे लांबण लावत नाही. "रोज वायरी कायले लावता साहेब? मीटर लावा ना," असे म्हणून त्याने गुरुजींच्या गाडीचे सगळे बंद केले, मायनसच्या वायरीत मीटर घातला आणि एकेक फ्यूज काढून पाहू लागला. डिकीच्या दिव्याचा फ्यूज निघाला आणि आकडा धपकन खाली आला. झाकण लावले तरी दिवा आत जळतच होता. पाच वॅटचा दिवा तो केवढा! पण चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी तो चार दिवसांत कोरडी करतो, आणि थंडीत म्हाताऱ्या बॅटरीला रात्रभराचा जाचही पुरतो.

हे पहिल्याच दिवशी का झाले नाही? कारण मी दुसऱ्या दिवशी विचारले होते, "रात्री काही चालू राहते का हो?" त्यावर गुरुजी ताठ झाले. "म्हणजे मी निष्काळजी?" इथे खरी गोम आहे. करंट देणे सोपे. गळती विचारणे म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावणे. न विचारता दिले तर घेणाऱ्याची इभ्रत राहते, पण गाडी तिथेच राहते. बरे, दिले म्हणून विचारायचा हक्क मिळतो काय? मला अजून ठरवता आलेले नाही, आणि माझी तर नोकरीच या धंद्यात आहे.

आमच्याकडे त्याला 'नवे-जुने' म्हणतात. पीककर्ज मुदतीत भरले तर व्याजात सवलत. भरायला पैसा नसतो, म्हणून शेतकरी आठ दिवसांसाठी सावकाराकडून उचलतो, बँकेत भरतो, नवे कर्ज उचलतो आणि सावकाराला देऊन टाकतो. कागदावर खाते कसे लखलखीत! इंजिन सुरू, बॅटरी रिकामी. मोठ्या वायरीही लागल्या: २००६ च्या पंतप्रधान पॅकेजात विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत आमचा बुलडाणा होता, पुढे २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या. त्या वेळी त्या लागतच होत्या. भर रस्त्यात बंद पडलेल्याला व्याख्यान देणारा माणूस मला आवडत नाही.

मात्र चहाच्या वेळी साहेबलोक बोलतात ते गळतीवर. लग्नात उधळतात, मोटारसायकली घेतात! फ्यूज काढायची हौस दांडगी, पण इंजिन सुरू असताना मीटर लावायचे कोणी नाव काढत नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, आणि बाजारात माल त्याच्या कितीतरी खाली जात होता. कमावताच बारावर रेंगाळला, तर डिकीतला दिवा विझवून किती पुरणार?

यंदा नवे-जुने करायला आलेल्या एका म्हाताऱ्याला साहेबांनी विचारलेच, "काय बाबा, पैसा जातो कुठे? लग्नकार्य काढलं होतं का?"

"नाई साहेब," म्हातारा म्हणाला, "पोरीचं लगन तं तीन सालापासून थांबलं हाय."

साहेबांनी सही केली. मी शिक्का मारला आणि पासबुक त्याच्या हातात दिले. तो तिथूनच सावकाराकडे गेला. आठवा दिवस होता.