अडलंय कुठे?

घरातलं नेट गेलं की बहुतेक घरांत एकच उपाय होतो. राऊटर बंद करायचा, दहापर्यंत मोजायचं, पुन्हा चालू करायचा. पुष्कळदा हा उपाय लागू पडतो आणि त्याचा खरा तोटा तिथेच आहे. दोष जातो, पण तो कुठे होता हे कुणालाच कळत नाही. महिन्याभराने तोच दोष परत येतो, तेव्हाही आपल्या हाती फक्त दहापर्यंतचे आकडेच असतात.

लिनक्स ही संगणकप्रणाली घातलेल्या लॅपटॉपवर असं हात झटकून मोकळं होता येत नाही. ‘लिनक्स टाकलं आणि वाय-फाय गेलं’ ही तक्रार जुनी आहे. तिच्यात तथ्यही आहे, त्याकडे पुढे येऊच. पण जोडणी तुटल्यावर हा लॅपटॉप गप्प बसत नाही. काय झालं, कोणत्या क्रमाने झालं आणि गाडी कुठे थांबली, हे तो ओळीओळीने सांगतो. ऐकणाऱ्याला प्रश्न तेवढे विचारता आले पाहिजेत.

प्रश्न मोजकेच आहेत, पण त्यांचा क्रम चुकवून चालत नाही. वाय-फायचं कार्ड यंत्राला दिसतंय का? ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा त्याचं उत्तर देते. कार्ड यूएसबीचं असेल तर ‘एलएसयूएसबी’. कार्ड दिसत असेल तर त्याचा ड्रायव्हर जोडला गेलाय का आणि त्याला लागणारं फर्मवेअर चढलंय का? ते ‘डीमेसेज’मध्ये लिहिलेलं असतं. कार्डातला लहरी पाठवणारा-पकडणारा रेडिओ चालू आहे का? राऊटरने पासवर्ड मान्य केला का? लॅपटॉपला आयपी पत्ता मिळाला का? आणि शेवटी, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारा डीएनएस सर्व्हर उत्तर देतोय का? प्रत्येक उत्तराबरोबर दोषाची जागा आकसत जाते.

यातला रेडिओचा प्रश्न जवळून पाहण्यासारखा आहे. ‘आरएफकिल लिस्ट’ असं लिहिलं की प्रत्येक रेडिओच्या नावाखाली दोन ओळी उमटतात. एक ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’, दुसरी ‘हार्ड ब्लॉक्ड’. पहिलीपुढे ‘येस’ असेल तर रेडिओ सॉफ्टवेअरने बंद केलाय, तो एका आज्ञेने सुरू होतो. दुसरीपुढे ‘येस’ असेल तर कुठलीही आज्ञा उपयोगाची नाही, कारण अनेक जुन्या लॅपटॉपांच्या कडेला रेडिओ बंद करणारी छोटी सरकती कळ असते आणि ती बॅगेत घासून सरकलेली असते. ही दुसरी ओळ न वाचता लोक अख्खी प्रणाली पुसून नव्याने टाकतात. संध्याकाळ जाते, कळ होती तिथेच राहते.

दुसरं उदाहरण डीएनएसचं. ‘पिंग’ लावून 8.8.8.8 या पत्त्याला हाक मारली तर लगेच ओ येते, पण ब्राउझरमध्ये कुठलंही पान उघडत नाही. म्हणजे वाय-फाय ठणठणीत आहे, नावं शोधण्याची सोय तेवढी बिघडली आहे. तरी घरात ओरड होते ती ‘वाय-फाय गेलं’ अशीच. तक्रार करताना आपण निदानही करून टाकलेलं असतं आणि मग दुरुस्तीला येणारा माणूस त्या निदानामागे धावत राहतो. पान उघडत नाही, एवढंच आपण पाहिलेलं असतं. तेवढंच सांगितलं तर निम्मं काम सोपं होतं.

आता माहीममधलं एक घर डोळ्यांसमोर आणा. एल. जे. रोडवर, शितळादेवीच्या देवळाच्या आसपास, जुन्या तीन-चार मजली इमारती आणि पुनर्विकासातले टॉवर अंगाला अंग लावून उभे आहेत. लॅपटॉपवर वाय-फायची यादी उघडली तर ती संपतासंपत नाही. कुणाचं आडनाव, कुणाच्या कुत्र्याचं नाव, कुणी कंपनीने दिलेलं नाव तसंच ठेवलेलं. मुलगी न्यू जर्सीला असते. सुट्टीत येताना ती आपला जुना लॅपटॉप बाबांसाठी घेऊन आली आणि त्यावर लिनक्स टाकून परत गेली. सकाळी सगळं नीट चालतं. संध्याकाळी मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांची वाय-फाय दिसतात आणि घरचं तेवढं यादीतून गायब होतं. बाबांच्या फोनवर ते ठळक दिसत असतं. शंका अर्थातच लिनक्सवर जाते.

अशा वेळी ‘आयडब्ल्यू रेग गेट’ विचारावं. लॅपटॉप स्वतःला कोणत्या देशातला समजतो ते कळतं, आणि उत्तर ‘यूएस’ असं येऊ शकतं. भारतात 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात 13 चॅनल वापरता येतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या उपकरणांत सहसा 11 पर्यंतचेच खुले असतात, आणि कित्येक कार्डांत हे बंधन कारखान्यातच कोरलेलं असतं. संध्याकाळी गर्दी वाढली की आपोआप चॅनल निवडणारा राऊटर मोकळी जागा शोधत 13 वर जातो. त्या क्षणी घरचं वाय-फाय अमेरिकन कार्डाच्या ऐकण्यापलीकडे जातं. कार्ड ठीक, राऊटर ठीक, लिनक्सही ठीक. दोन देशांचे नियम एका दिवाणखान्यात समोरासमोर आले आहेत. उपाय काय? राऊटरला 11 वर बांधून ठेवायचं. राऊटर बंद-चालू केल्यानेही तो कधीकधी दुसऱ्या चॅनलवर जातो आणि लॅपटॉपला पुन्हा दिसू लागतो. मग उपाय सापडल्याचा भास होतो आणि दुसऱ्या संध्याकाळी तो मोडतो.

हवेतल्या लहरींवर देशाचा नियम चालतो, हे मुंबईला नवं नाही. 1933 च्या वायरलेस कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं बाळगणंही गुन्हा ठरवलं. घरच्या साध्या रेडिओसाठी पोस्टात दरवर्षी परवान्याचे पैसे भरल्याचं आजही ज्येष्ठांना आठवत असेल. 1942 च्या ऑगस्टमध्ये बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी याच शहरात गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांच्या शोधक गाड्यांना चकवण्यासाठी त्यांनी प्रक्षेपक चौपाटी, गिरगाव असा जागा बदलत फिरवला. 12 नोव्हेंबर 1942 रोजी महालक्ष्मीजवळ ते पकडले गेले आणि उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. केंद्र सरकारने 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय खुला केला तो थेट जानेवारी 2005 मध्ये. ऑक्टोबर 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झचा मोठा भागही मोकळा झाला. आज माहीमच्या प्रत्येक बिऱ्हाडात निदान एक प्रक्षेपक आहे, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मोकळी झालेली जागा मात्र अरुंद आहे. 13 चॅनल म्हटले तरी ते एकमेकांवर चढलेले असतात. परस्परांच्या आड न येणारे फक्त तीन धरतात: 1, 6 आणि 11. त्या तिघांत अख्ख्या इमारतीला बसायचं असतं. वाय-फायची उपकरणं बोलण्याआधी कान देतात. दुसरं कुणी बोलत असेल तर थांबतात, शांत झाल्यावरही कमी-जास्त वेळ वाट पाहतात आणि मग बोलतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत ही शिस्त पाळली गेली तर अर्ध्या तासात अजेंडा संपेल. पण शिस्तीलाही मर्यादा असते. बोलणारे फार झाले की प्रत्येकाचा वेळ वाट पाहण्यातच जातो. फोनवरच्या वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या असतात आणि व्हिडिओ मात्र अडखळतो, कारण त्या रेघा लहरींचा जोर दाखवतात, जागा किती मोकळी आहे ते दाखवत नाहीत. ‘एनएमसीएलआय’ला वाय-फायची यादी मागितली तर नावापुढे चॅनलही येतो आणि शेजारची पाच घरं आपल्याच चॅनलवर बसली आहेत हे दिसतं. राऊटर आणि कार्ड दोन्हींना जमत असेल तर 5 गिगाहर्ट्झवर जावं. तिथे जागा ऐसपैस आहे, फक्त जुन्या इमारतींच्या जाड भिंती त्या लहरींना मानवत नाहीत. शक्ती वाढवून किंवा आणखी एक रिपीटर लावून शेजाऱ्यावर मात करू पाहणारा सगळ्यांची गर्दी वाढवतो, त्यात त्याची स्वतःचीही.

आता त्या जुन्या तक्रारीकडे. लिनक्सवर वाय-फाय अडण्याचं सर्वांत चिवट कारण फर्मवेअर हे होतं आणि काही कार्डांबाबत अजूनही आहे. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम. तो कंपनीचा असतो आणि त्याची संहिता बंद असते. लिनक्सचा ड्रायव्हर कितीही उघडा असला तरी ही फाइल कार्डात चढवल्याशिवाय कार्ड जागं होत नाही. ‘डीमेसेज’ स्पष्ट सांगतो की अमुक नावाची फाइल मिळाली नाही. ती उतरवून घ्यायला नेट हवं आणि नेटसाठी ती फाइल हवी! अशा वेळी फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट घेणं हाच सरळ मार्ग.

हे दुखणं लिनक्सहून जुनं आहे. एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला तेव्हा रिचर्ड स्टॉलमन यांना त्यात सुधारणा करायची होती. कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा, एवढंच. त्यासाठी लागणारी संहिता गोपनीयतेच्या कराराकडे बोट दाखवून नाकारली गेली. त्या नकाराचा सल त्यांच्या मनात राहिला आणि 1983 मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे उघड्या संहितेचा, ग्नू प्रकल्प जाहीर केला. पुढे ब्रॉडकॉमच्या कार्डांची माहिती मिळेना, तेव्हा काही स्वयंसेवकांनी काम वाटून घेतलं. एका गटाने कार्डाचं वागणं अभ्यासून ते लिहून काढलं, दुसऱ्याने फक्त त्या लिखाणावरून नवा ड्रायव्हर रचला. ब्रॉडकॉमने स्वतःचा मुक्त ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर 2010 मध्ये. डेबियन हा तर मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वावर 1993 पासून उभा असलेला लिनक्सचा प्रकल्प. त्याच्या सदस्यांनी 2022 मध्ये मतदान घेऊन बंद फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं आणि जून 2023 च्या बाराव्या आवृत्तीत ते आलं. मात्र त्यांनी त्याचा विभाग वेगळा ठेवला. तडजोड केली, पण ती लपवली नाही. तत्त्व पाळणाऱ्या माणसांकडून आपण एवढीच अपेक्षा करू शकतो.

यावर कुणी म्हणेल, ज्याला रात्री बाराच्या आत प्रवेशाचा फॉर्म भरायचा आहे त्याला ज्ञान नको, जोडणी हवी. बरोबर आहे. त्याने फोनचा हॉटस्पॉट लावावा, फॉर्म भरावा आणि झोपावं. दोष शोधणं दुसऱ्या दिवशीही होतं. पण दुसऱ्या दिवशी नेट पुन्हा सुरू झालेलं असतं आणि शोधायचं राहून जातं, हीच आपली गत आहे. काम चालू झालं की कारणाची चौकशी थांबवायची, ही सवय आपण यंत्रांपाशी शिकतो आणि मग ती पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यापासून कचेरीत पडलेल्या अर्जापर्यंत सगळीकडे नेतो.

उलटी सवयही लागू शकते. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा खुला झाला त्याच 2005 सालच्या 12 ऑक्टोबरला माहितीचा अधिकार कायदा अमलात आला. आपली फाइल कोणाच्या टेबलावर अडली आहे, हे विचारण्याचा हक्क साध्या माणसाला मिळाला. विचारल्याने फाइल दरवेळी हलतेच असं नाही, पण दोषाला जागा मिळते, आणि जागा मिळाली की जबाबदारीलाही नाव मिळतं. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यामागचा विचारही याच जातीचा आहे. विकत घेतलेल्या वस्तूने आपल्या मालकाच्या प्रश्नांना उत्तर द्यावं. लिनक्सची खरी देणगी मला त्याच्या फुकट असण्यात दिसत नाही. विचारलं तर उत्तर देण्यात दिसते. आणि जिथे ते उत्तर देऊ शकत नाही, त्या फर्मवेअरच्या दारापाशी ते निदान दार कुणी बंद केलंय ते सांगतं.

तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर यूएसबीचं वाय-फाय कार्ड घ्यायला गेलात तर खोक्यावरच्या नावावर विसंबू नका. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत वेगवेगळ्या चिप निघतात. चिप कोणती, तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये आहे का, हे आधी विचारा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर पुढच्या दुकानात जा. आज्ञा शिकायच्या असतील तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून मिळतात. आणि पुढच्या वेळी नेट गेलं की राऊटरच्या बटणाला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारा आणि आलेलं उत्तर कागदावर उतरवून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. राऊटर बंद-चालू करायला त्यानंतरही वेळ असतो.