छागलांच्या दोन खुर्च्या

वापी स्टेशनाबाहेर रिक्षात बसलं की दादरा ओलांडून सिल्वासा गाठता येतं. वाटेत कुणी परवाना विचारत नाही. पण दमणहून भारताच्या हद्दीतून इथवर यायचा हक्क आपला आहे, असा दावा लावून पोर्तुगालनं डिसेंबर १९५५ मध्ये भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं होतं. त्याच्या आदल्याच वर्षी, २ ऑगस्टला, गायक-संगीतकार सुधीर फडक्यांसारख्यांच्या साथीनं सिल्वासा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झालं होतं.

या न्यायालयात ज्या पक्षाच्या देशाचा न्यायाधीश नसेल, त्याला त्या खटल्यापुरता एक नेमता येतो. भारतानं मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांना नेमलं. निवड चोख होती. १९४१ पासून न्यायाधीश, १९४७ पासून मुख्य न्यायमूर्ती. १९५८ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या शेअर-खरेदीच्या मुंध्रा प्रकरणाची चौकशी त्यांनी लोकांसमक्ष चालवली, महिन्याभरात अहवाल दिला आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पद सोडावं लागलं. नेमणूक करणाऱ्या सरकारचीही भीड न धरणारा हा माणूस.

त्याच वर्षी विधी आयोगाचा चौदावा अहवाल आला. निवृत्तीनंतर न्यायाधीशांनी सरकारी पदं घेऊ नयेत, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. आयोगाचे अध्यक्ष मोतीलाल सेटलवाड, आणि सदस्यांमध्ये छागला. त्यानंतर लगेचच छागला मुख्य न्यायमूर्तिपद सोडून अमेरिकेत भारताचे राजदूत झाले. सेटलवाडांनी आत्मचरित्रात हे बोचऱ्या शब्दांत नोंदवलं आहे.

मला त्याहून खटकतं ते पुढचं. १२ एप्रिल १९६० ला हेगचा निकाल लागला, तेव्हा छागला भारत सरकारचे राजदूत होते आणि भारताच्याच खटल्यात न्यायाधीशही. सामान्य प्रवासी, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, पण सशस्त्र सैन्य-पोलिसांना नव्हती, आणि भारतानं आपलं कर्तव्य मोडलेलं नाही, असं बहुमतानं ठरलं. पोर्तुगालचा वाटेचा हक्क सिद्धच झालेला नाही, असं छागलांनी आपल्या वेगळ्या मतपत्रात लिहिलं. मुक्तीच्या बाजूनं उभं राहणाऱ्या कुणालाही ते पटेल, मलाही पटतं. पण पोर्तुगालनं नेमलेले न्यायाधीश फर्नांडिस त्या वेळी लिस्बनच्या सरकारचे राजदूत असते, तर आपण गप्प बसलो असतो का? छागलांच्या सचोटीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. म्हणूनच वाईट वाटतं. एवढ्या मोठ्या न्यायाधीशाच्या मताकडे बोट दाखवायला कुणाला जागा उरायला नको होती.

सिल्वासाच्या कोर्टात सरकारविरुद्ध दावा हरलेला माणूस आजही अपिलाला छागलांच्याच मुंबई उच्च न्यायालयात जातो. समोरच्या न्यायमूर्तींना उद्या याच सरकारकडून एखादं पद मिळणार आहे का, हा विचार त्याच्या मनात येता कामा नये. १९५८ ची ती शिफारस अजून कायद्यात उतरलेली नाही. ती उतरावी, निदान मध्ये काही वर्षांचं अंतर तरी सक्तीचं व्हावं.